स्प्लेंडरची चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट घरीच बदलताना

गेल्या रविवारी स्प्लेंडरचं चेन किट (म्हणजे चेन आणि ती ज्यांच्यावर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाकं, स्प्रॉकेट) घरी बदललं, आणि आता हे सगळं नीट लिहून ठेवतोय कारण ओळखीतल्या बऱ्याच जणांना वाटतं की हे गॅरेजचंच काम आहे, घरी जमणार नाही. जमतं. पाने बरे हवेत, अर्धा दिवस हाताशी हवा आणि मागचा ब्रेक दाबून धरायला कुणीतरी माणूस हवा, बास. आणि माझं मत विचाराल तर घरीच करावं, कारण चेन किटमध्ये खरं महत्त्वाचं काम शेवटच्या पंधरा मिनिटांत असतं, म्हणजे चेन किती ढिली ठेवायची आणि मागचं चाक सरळ बसलंय का, आणि गॅरेजमध्ये सहा गाड्या लाइनमध्ये उभ्या असतात तेव्हा नेमकी तीच पंधरा मिनिटं कापली जातात. मेकॅनिकचा दोष नाही म्हणत मी, त्यालाही संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्या द्यायच्या असतात. पण चेन लवकर जाते ती तिथून.

गाडी २०१२ ची आहे, रोज कराड-पाटण, आणि अधूनमधून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. या पट्ट्यात चेनचे हाल होतात. पावसाळ्यात घाटातला लाल चिखल, मग कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांच्या टायरला चिकटून आलेली शेतातली माती रस्त्यावर, आणि ती वाळली की नुसता फुफाटा. स्प्लेंडरला पूर्ण बंद चेनकव्हर असतं म्हणून माणूस निवांत राहतो, पण बारीक धूळ आत जातेच आणि आत गेलेली बाहेर येत नाही, ऑइलमध्ये कालवून तिचा काळा लगदा होतो. बंद कव्हरमुळे चेन दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

चेन गेली कशी ओळखायची? पहिली खूण आवाज. तिसऱ्या-चौथ्या गिअरला हळू चालवताना कव्हरवर आतून चेन आपटल्याचा खडखड आवाज येतो, थ्रॉटल सोडून परत दिला की झटका बसतो. दुसरी खूण म्हणजे चेन ताणायचा ॲडजस्टर मागे सरकवत सरकवत खुणांच्या शेवटाला येतो. पण पक्की खूण चेनकव्हर काढल्यावर. चेनव्हीलच्या (मागच्या मोठ्या स्प्रॉकेटच्या) सगळ्यात मागच्या टोकाला चेन बोटाने धरून मागे ओढायची, नवीन असेल तर हलत पण नाही, आणि दात्याचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला तर तिचं आयुष्य संपलं. टेपने मोजायचं असेल तर तेही सोपं आहे. या गाडीची चेन ४२८ नंबरची, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत १२.७ मिलीमीटर (अर्धा इंच). चेन ताणून धरायची आणि एका पिनच्या मधोमधपासून पुढच्या २० कड्या मोजायच्या, नवीन चेनला हे २५४ मिलीमीटर भरतं. २ टक्के वाढलं म्हणजे २५९ झालं की बदलायची. माझी त्याच्याही पुढे गेली होती.

माझा भाचा मदतीला होता, बारावीत आहे, ब्रेकवर पाय ठेवायचं काम त्याच्याकडे. तो म्हणाला, "मामा, लोखंडाची चेन एवढी लांबते कशी?" प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. चेनच्या पट्ट्या ताणून लांब होत नाहीत. प्रत्येक कडीत एक पिन असते, तिच्यावर बुश म्हणजे बारीक नळी, बुशवर फिरणारा रोलर. ही रचना हान्स रेनॉल्ड नावाच्या माणसाने १८८० साली मँचेस्टरमध्ये काढली आणि आजही आपल्या गाडीत तीच आहे. रोलर दात्यावर घासण्याऐवजी फिरतो, त्यामुळे दाते टिकतात. पण कडी वळते तेव्हा पिन बुशच्या आत फिरते, आणि तिथे ऑइल नसेल, धूळ असेल, तर पिनही झिजते आणि बुशही. एका सांध्यात झीज किती, तर ०.१ मिलीमीटर. पण चेनमध्ये शंभराच्या वर कड्या, म्हणजे १० मिलीमीटरपेक्षा जास्त लांबी वाढली. मग रोलर दात्यांच्या खोबणीत बसत नाहीत, दात्याच्या वर चढायला लागतात, सगळं ओझं एखाद-दुसऱ्या दात्यावर येतं आणि दाते एका बाजूने खाल्ले जाऊन वाघनखांसारखे वाकडे टोकदार होतात.

म्हणूनच चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायची. "नुसती चेन टाक, चेनव्हील अजून चांगलंय" असं सांगणारे खूप भेटतात आणि त्यात चारपाचशे रुपये वाचल्यासारखे वाटतात, पण वाकड्या दात्यांवर नवीन चेन चढवली की ती पहिल्या दिवसापासून चुकीच्या जागी ओढली जाते आणि काही महिन्यांत जुनीसारखीच होते. उलटं केलं, नवीन स्प्रॉकेट आणि जुनी लांबलेली चेन, तरी तेच. पुढचं छोटं स्प्रॉकेट तर आधी जातं. समजा पुढे १४ दाते आणि मागे ४२, तर मागचं एकदा फिरताना पुढचं तीनदा फिरतं, म्हणजे एकेका दात्याला तिप्पट काम. शिवाय १४ दात्यांवरून जाताना प्रत्येक कडीला जवळपास २६ अंशात वळावं लागतं आणि ४२ दात्यांवर फक्त साडेआठ अंशात. पिन-बुशची झीज बरीचशी त्या पुढच्या वळणावरच होते. आणि नेमकं तेच कव्हरमागे लपलेलं असल्यामुळे कुणी बघत नाही, नुसतं मागचं बघून "चांगलंय" म्हणतात.

आता सामान. किट घेताना जुन्या स्प्रॉकेटवरचे दाते मोजून जायचं, दात्यांचा आकडा बहुतेक वेळा त्यावर कोरलेला असतोच, आणि चेनच्या पट्टीवर ४२८ किंवा ४२८एच असा नंबर असतो, एच म्हणजे पट्टी जाड. कड्यांची संख्या पाकिटावर असते, तीपण जुळवायची. कंपनीचं किट मिळतं, बाहेरचं घ्यायचं तर कोइम्बतूरच्या एलजीबीची रोलॉन आणि चेन्नईच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सची डायमंड ही नावं आपल्याकडे जुनी आणि सगळीकडे मिळणारी. या गाड्यांचं किट साधारण हजार ते दीड हजारात बसतं. रस्त्याकडेला निम्म्या किमतीत मिळणारं, पाकिटावर नीट छापलेलं नाव-पत्ता नसलेलं किट घेऊ नका, स्प्रॉकेटचं पोलाद नीट कडक केलेलं नसतं आणि दाते मेणासारखे जातात... पैसे दोनदा जातात.

दाते कमी-जास्त करायचा मोह खूप जणांना होतो, विशेषतः आमच्यासारख्या घाटातल्या लोकांना. पुढे १४ चे १३ केले तर ४२ भागिले १३ म्हणजे ३.२३, आधी ३ होतं, म्हणजे ओढ जवळजवळ ८ टक्के वाढली. मागे ४५ लावल्यासारखंच झालं. घाटात डबल सीट बरं वाटेल, पण सपाट रस्त्यावर त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरणार, पेट्रोल जास्त जाणार, आणि लहान स्प्रॉकेटवर चेन अजून जास्त वळणार म्हणजे झीजही जास्त. मी कंपनीने दिले तेवढेच दाते ठेवले. रोजच्या गाडीला तेच योग्य आहे असं माझं ठाम मत आहे.

कामाला लागताना गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला, इंजिन थंड, चावी काढून खिशात. हे चावीचं मुद्दाम लिहितोय. चेन साफ करताना किंवा ऑइल सोडताना इंजिन चालू करून गिअर टाकून चाक फिरवणारे लोक मी बघितलेत, फडकं चेनव्हीलमध्ये ओढलं जातं आणि त्याबरोबर बोट जातं, एका क्षणात. चाक हाताने फिरवा, दहा मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या, पण हे कधीही करू नका आणि घरातल्या पोरांनाही करू देऊ नका.

पहिलं काम पुढचं. गिअर लिव्हरचा बोल्ट काढायचा, त्याआधी शाफ्टवर आणि लिव्हरवर खडूने किंवा मार्करने खूण करायची म्हणजे परत त्याच दात्यावर बसेल. मग डाव्या बाजूचं मागचं कव्हर. ते उघडलं की आत काळी माती-ग्रीसची अक्षरशः वडी निघते, जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढायची आणि डिझेल लावून ब्रशने धुवायची. (पूर्वी रॉकेल वापरायचो, आता रेशनला मिळत नाही तर डिझेल.) साफ झाल्यावर स्प्रॉकेटच्या मागे त्याच्या शाफ्टभोवती ओलं ऑइल दिसतंय का ते बघा, दिसत असेल तर तिथलं ऑइल सील गेलंय, ते आत्ताच बदलून घ्यावं कारण परत एवढं सगळं उघडायला कोण बसणार. पुढचं स्प्रॉकेट एका छोट्या लॉक प्लेटने धरलेलं असतं, तिला दोन बोल्ट, १० चा पाना. हे दोन बोल्ट चेन अजून चढलेली असतानाच ढिले करायचे, भाच्याने ब्रेक दाबून धरला आणि ते सुटले. आधी चेन काढली तर शाफ्ट नुसता फिरत बसतो.

मग चेनकव्हर, वरचा आणि खालचा भाग. चेनचं लॉक (क्लिपने बंद केलेली जोडकडी) शोधून चाक फिरवत ते चेनव्हीलवर आणायचं, पकडीने क्लिप पुढे ढकलली की निघते, लिंक काढली की चेन मोकळी. ब्रेकच्या रॉडचा नट, ब्रेकची प्लेट फिरू न देणाऱ्या अँकर रॉडची कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुमडलेली तार) आणि नट, मग एक्सलचा म्हणजे चाकाच्या दांड्याचा नट, एक्सल ओढून काढला की चाक मागे येतं. चेनव्हील आणि त्याचा हब या गाडीत स्लीव्ह नटने स्विंगआर्मवरच (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर) राहतो, तो वेगळा काढायचा. एक्सलवरचा बुश कुठल्या बाजूचा कुठे होता त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आणि आता खरा फायदा. चाक हातात आलंय, तर सगळं बघून घ्या. हबमधले रबर, म्हणजे इंजिनचा झटका चेनव्हीलकडून चाकाकडे जाताना मधे झेलणारे रबरचे तुकडे, ते आमच्या गाडीत दबून पातळ झाले होते. हब चाकात बसवून हाताने मागेपुढे फिरवून बघायचा, सैल खेळत असेल तर रबर गेले. ते गेले की प्रत्येक क्लचला झटका थेट चेनवर येतो आणि नवीन चेनही लवकर जाते, किंमत बघाल तर शंभर-दोनशे, पण गॅरेजमध्ये न सांगता कुणी बदलत नाही. बसवताना घट्ट जातात, साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा ऑइल नको, त्याने रबर फुगतं. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवायचं, खरखर लागली तर बदलायचं. ब्रेक लायनर किती उरलेत ते बघायचं, आणि ड्रममधली धूळ फुंकर मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

चेनव्हीलचे नट लॉक पत्रीने अडकवलेले असतात, पत्रीचे कान छन्नीने सरळ करायचे आणि मग नट सोडायचे. नवीन बसवताना आकडा कोरलेली बाजू बाहेर, हबची बैठक फडक्याने स्वच्छ पुसून (खाली मातीचा एक कण राहिला तरी चेनव्हील डुलतं), नट समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करत जायचं आणि पत्री परत वाकवायची.

पुढचं नवीन स्प्रॉकेट शाफ्टवर, लॉक प्लेट खाचेपर्यंत आत सरकवून थोडी फिरवली की भोकं जुळतात. बोल्ट बारीक आहेत, ताकद लावून आटे मारू नका. नवीन चेन पुढून ओवून दोन्ही टोकं चेनव्हीलच्या दात्यांवर आणायची म्हणजे ती आपोआप धरून राहतात आणि लॉक घालायला दोन्ही हात मोकळे मिळतात. क्लिपची दिशा महत्त्वाची. चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला क्लिपची बंद बाजू, उघडी बाजू मागे. वरच्या बाजूची चेन पुढे जाते, म्हणजे लॉक वर असताना बंद टोक हेडलाइटकडे. उलटी बसली आणि कुठे घासली तर क्लिप उडते आणि चेन चालत्या गाडीत सुटते.

आता ती शेवटची पंधरा मिनिटं. चेन टाइट म्हणजे चांगली, हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज आहे. स्विंगआर्म जिथून फिरतो तो बोल्ट पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे असतो, त्यामुळे चाक वर-खाली होताना दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त असतं. डबल स्टँडवर चाक लटकलेलं असतं तेव्हा चेन बरोबर घट्ट दिसली, तर दोन माणसं बसून खड्ड्यात गेल्यावर ती तारेसारखी ताणली जाते. तो ताण जातो कुठे? गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या हबच्या बेअरिंगवर. थोडी ढिली चेन आवाज करून सांगते तरी, टाइट चेन गुपचूप बेअरिंग खाते आणि खर्च चेनच्या कितीतरी पट. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना खालच्या चेनच्या मधोमध वर-खाली मिळून २० ते ३० मिलीमीटर खेळ लागतो, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघा आणि तो कुठल्या स्टँडवर मोजायचा तेही. आणि एका जागी मोजून थांबू नका, चाक हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, चेन सगळीकडे सारखी नसते, जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे खेळ बरोबर हवा.

चाक सरळ आहे का, यासाठी स्विंगआर्मवरच्या रेघा आहेत पण मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही, जुन्या गाडीत तर नाहीच. स्विंगआर्मच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावायची, दोन्ही आकडे सारखे हवेत. मग मागे उकिडवं बसून एक डोळा मिटून चेनच्या वरच्या रेषेवर नजर टाकायची, चेनव्हीलपासून निघताना ती एका बाजूला कलली असेल तर लगेच दिसतं. वाकडी चेन दात्यांच्या बाजूला घासते, काही दिवसांनी चेनव्हीलच्या कडेवर चकचकीत पट्टा दिसायला लागतो. एक्सल पूर्ण घट्ट केल्यावर परत एकदा खेळ मोजा, कारण घट्ट करताना तो बदलतो. माझाही बदलला, परत सैल करून केलं.

अँकर रॉडला नवीन कॉटर पिन, ब्रेकचा खेळ, ब्रेक दाबला की मागचा लाइट वेळेवर लागतोय का ते बघायचं. आणि चेनकव्हर परत लावायचंच. काही पोरं किट बदलल्यावर "दिसायला भारी" म्हणून कव्हर आणि साडीगार्ड दोन्ही काढून ठेवतात. मागे आई बसते, बहीण बसते, पदर किंवा ओढणी चाकात गेली तर काय होतं हे आपल्याकडे प्रत्येक गावाने बघितलंय. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३ क्रमांकाच्या नियमात मागे बसणाऱ्याच्या सुरक्षेसाठी मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकायची अट आहे, ती उगाच नाही.

ऑइलचं म्हणाल तर ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे, दोन्ही चालतं. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल मात्र नको. फुकट मिळतं म्हणून सगळीकडे तेच टाकतात, पण त्यात धातूचा बारीक चुरा आणि काजळी असते आणि तीच आपण पिन-बुशमध्ये घालतो. खालच्या चेनच्या आतल्या बाजूला, पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब सोडायचं आणि चाक हाताने फिरवत राहायचं, मग अर्ध्या तासाने वरचं जास्तीचं पुसून टाकायचं नाहीतर सगळी धूळ त्यालाच चिकटते. गाडी फिरवून आल्यावर लगेच टाकलं तर चेन कोमट असते, ऑइल आत चांगलं मुरतं. साधारण ५०० किलोमीटरला एकदा, आणि पावसात भिजली की त्याच दिवशी. ज्यांच्या गाडीला ओ-रिंगवाली, म्हणजे कड्यांत रबरी रिंग असलेली चेन आहे (मोठ्या सीसीच्या गाड्यांना असते) त्यांनी ती पेट्रोलने धुवू नये, रिंग कडक होऊन फुटतात आणि आतलं कंपनीने भरलेलं ग्रीस निघून जातं.

नवीन चेन सुरुवातीला थोडी बसते, म्हणून पहिल्या तीनशे-चारशे किलोमीटरनंतर खेळ परत मोजायचा. आमचा भाचा आता त्याच्या वडिलांच्या शाइनचं चेनकव्हर उघडून बसलाय, २० कड्या २५६ भरल्या म्हणून सांगत होता. म्हणजे १ टक्क्याच्याही आत आहे अजून, धुऊन ऑइल टाकून वापर म्हटलं, आणि पुढचं स्प्रॉकेट कव्हर काढून बघ.